रावणाच्या पुढे उलटं चालताना

माझी बायको बास्केटबॉल खेळते. हौसेखातर नाही, पोटासाठी. खेळाडू म्हणूनच तिला मुंबईच्या एका खात्यात नोकरी लागली आणि गेली चौदा वर्षं ती त्या खात्याच्या संघातून खेळते आहे. हंगामात ती तिकडे, मी आणि मुलगी इकडे जव्हारला. घर मी चालवतो. भाकरी मला गोल जमत नाही, पण जाडी सगळीकडे सारखी असते.

ती काय करते हे आमच्या कचेरीत सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा त्रास मला होतो. सामना झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी चौकशी सुरू होते.

"मग, वहिनींनी किती केले?"

"दोन."

"वीस?"

"दोन."

"आणि सामना?"

"जिंकला."

"म्हणजे वहिनी असूनही जिंकला म्हणा की."

मी तालुक्याच्या कचेरीत आकडेवारीचं काम करतो. पाऊस किती मिलिमीटर पडला, भाताखाली किती हेक्टर, नाचणी आणि वरईखाली किती. आकडा असेल तसा सांगायचा, ही माझी सवय. बायकोच्या दोनाचे दहा करायला जीभ वळत नाही. अडचण अशी की दोन हा आकडा बरोबर असून उत्तर चुकीचं असतं.

कारण तिचं काम गुण करण्याचं नाहीच. समोरच्या संघात जी सगळ्यांत भारी असेल, तिच्यापुढे उभं राहायचं आणि तिला बास्केटकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती मुलगी डावीकडे निघाली की ही डावीकडे, ती उजवीकडे निघाली की ही उजवीकडे. तोंड तिच्याकडे, पाय उलटे. एरवी वीस-बावीस गुण करणारी मुलगी त्या दिवशी सहा करून परत जाते. मग उरलेले गुण कुणाच्या नावावर मांडायचे? स्कोअरशीटवर तसा रकाना नाही. मी एकदा तो आकडा काढायला बसलो होतो, तर ती म्हणाली, "अहो, न झालेले गुण काय मोजताय? उद्या न पडलेला पाऊस मोजाल."

"मोजतोच आम्ही. सरासरीपेक्षा किती कमी, असा."

हा वाद मी जिंकला. आमच्या संसारात असं फार वेळा घडलेलं नाही, म्हणून नोंदवतो.

तिची ही कला मी पहिल्यांदा पाहिली ती मुलगी बघायला गेलो तेव्हा. तिचं माहेर मोखाड्याच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. माझी उंची पाच फूट सहा इंच, तिची पाच फूट साडेदहा. घरातून निघतानाच आत्या म्हणाली होती, "मुलगी बसलेली असतानाच फोटो काढा." चहा झाल्यावर काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "तुमचे सामन्यामागे सरासरी किती गुण होतात?"

"तीन."

"तरी संघात ठेवतात?"

तिने कपबशी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही जरा उठून दारापर्यंत जाऊन दाखवा."

मी उठलो. दार समोरच होतं. मी निघालो तर ती पुढ्यात उभी. डावीकडे सरकलो, ती तिथे. उजवीकडे वळल्यासारखं करून पुन्हा डावीकडे गेलो, ती माझ्या आधी तिथे. हात लावत नव्हती, धक्का देत नव्हती, नुसती होती. आत्या पदर तोंडाला लावून बसली होती. कोपऱ्यात तिचे वडील, म्हणजे माझे होणारे सासरे, उकिडवे बसून गालात हसत होते. मी आहे तिथेच थांबलो आणि मुलगी पसंत असल्याचं सांगितलं. दारापर्यंत पोचलोच नव्हतो.

लग्नाच्या फोटोत ती खुर्चीवर बसली आहे आणि मी शेजारी ताठ उभा आहे. नवीन माणसाला वाटतं, जुन्या वळणाची माणसं असतील.

ही उलट्या पायांची विद्या तिला कुठल्या कोचने शिकवली, असं मला वर्तमानपत्रवाल्यानेही एकदा विचारलं होतं. कोचने नाही, रावणाने.

आमच्या भागात उन्हाळ्याच्या तोंडाला गावोगाव बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मोठमोठे मुखवटे चढवून पुरुष माणसं सांबळाच्या ठेक्यावर नाचत देवीच्या मांडवापर्यंत येतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. माझ्या सासऱ्यांच्या घराकडे रावणाचा मान आहे. मधलं तोंड लाकडाचं, दोन्ही बाजूंची नऊ कागदाच्या लगद्याची. त्याचं वजन किती हे मला सांगता येणार नाही. मी एकदा वजनकाटा घेऊन गेलो होतो, पण मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, काट्यावर ठेवू दिलं नाही. "देवाला काय बाजारात विकायचाय?" म्हणाले. तो देव नसून रावण आहे, असं मी म्हटलं. "पूजा केली की देवच," असं उत्तर मिळालं.

आतल्या माणसाला रावणाच्या उघड्या तोंडातून जेवढं दिसेल तेवढंच दिसतं, म्हणजे पायापुढची दोन-चार हात जमीन. त्यामुळे वाट दाखवायला पुढे एक माणूस लागतो. आणि पूजलेल्या सोंगाला पाठ दाखवायची नाही, अशी त्या गावची रीत. तेव्हा हा पुढचा माणूस रावणाकडे तोंड करून, हात पसरून, अख्खी वाट उलटा चालतो. रावण दोन पावलं पुढे येतो, एक मागे जातो, गिरकी घेतो, मध्येच गर्दीत घुसायला बघतो. त्याला घुसू न देता मांडवापर्यंत आणायचं.

पूर्वी हे काम तिचा चुलता करायचा. एका वर्षी तो भिवंडीकडे मजुरीला गेला आणि वेळेवर परतला नाही. मामांना मुलगा नाही, ही एकच मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. त्यांनी तिलाच पुढे उभं केलं. गावात कुरकुर झाली, तर मामा म्हणाले, "मग तुम्ही या पुढं." रावणाच्या हातात लाकडी तलवार असते आणि ती लागते. कुणी पुढे आलं नाही. तेव्हापासून दरवर्षी तीच. आश्रमशाळेत खेळाच्या सरांनी तिला मैदानावर मागे न बघता उलटं पळताना पाहिलं आणि तिच्या हातात चेंडू दिला. पुढे पुण्याकडे खेळाडूंच्या वसतिगृहात गेली, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, पण बोहाड्याला ती घरी आली नाही असं एकही वर्ष गेलं नाही. त्यापायी तिने सामने सोडले, एकदा तर परदेशी जाणाऱ्या संघाची निवड सोडली. संघातल्या मुली तिला विचारायच्या, "दीदी, फिर रावण बुला रहा है क्या?"

यंदा रावणाने बोलावलं आणि त्याच आठवड्यात दुसरीकडूनही बोलावणं आलं.

शहराशहरांचे संघ करून बायकांची एक नवी स्पर्धा सुरू होणार होती. खात्याचा संघ नव्हे, खेळायचेच पैसे, निव्वळ खेळाडू म्हणून करार. त्याआधी निवडीचं शिबिर. तिचं नाव बोलावलेल्यांत होतं. ती आता चौतीस वर्षांची आहे, गुडघ्याचं एक दुखणं काढून झालेलं आहे. पुढच्या वर्षी तिला कुणी बोलावणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. शिबिराचा मधला, निवडीची यादी लागण्याचा दिवस आणि रावणाचा दिवस एकच निघाला. तिने कोचला फोन केला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"सर, एक दिवस घरी जाऊन आले तर?"

"एक दिवस गेलीस तर परत यायची तसदी घेऊ नकोस. तुझ्या जागेसाठी विशी-बाविशीच्या मुली उभ्या आहेत. आणि त्या गुण पण करतात."

आम्ही दुसऱ्याच रविवारी मोखाड्याला गेलो. तिने वडिलांना सगळं नीट सांगितलं. मामा ऐकत होते. सोंग एक वर्ष निघालं नाही तर मान दुसऱ्या घरी जातो, हे त्यांनी सांगितलं नाही, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "तू नसलीस तं मी नाय निघत. दुसऱ्याच्या मागं मला नाचता येत नाय."

"काका आहेत की."

"त्याला मोतीबिंदू. त्यालाच कोनी तरी पुढं लागतो."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मोखाडा मागे पडल्यावर म्हणाली, "मी सरांना नाही म्हणून टाकते. चौदा वर्षं खेळले, पुष्कळ झालं. बाबांचं सोंग माझ्यामुळे जायला नको."

"पुष्कळ झालं" हे तिने मला दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मला कळलं की पुष्कळ झालेलं नाही. मी म्हटलं, "मी चालतो उलटा."

ती इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या. मामांना फोनवर सांगितलं तर तेही हसले. "जावईबापू? उलटं? ते सुलटं चालताना ठेचकाळतात."  शेवटी म्हणाले, "शिकव त्यांना. मंग बघू."

शिबिराला जायच्या आधी तिला थोडे दिवस सुट्टी होती. आमच्या मागच्या अंगणात माझं शिक्षण सुरू झालं. रावण म्हणून ती स्वतः. डोक्यावर टोपलं पालथं घातलेलं, हातात तलवारीऐवजी लाटणं.

"गुडघे वाकवा. अहो, वाकवा म्हणजे वाकवा. कचेरीत खुर्चीवर बसता ना?"

"बसतो."

"तसं बसा. खुर्ची काढून घेतली आहे असं समजा."

मी बसलो आणि खरोखरच बसलो, जमिनीवर. मुलगी कट्ट्यावरून म्हणाली, "बाबा, एक." ती माझ्यावरच गेली आहे, पडण्याची गणती ठेवत होती. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या निमित्ताने कुंपणापाशीच असायच्या. "भावजी, घरातलं काही चोरलंत का हो?" असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून कपडे संपले तरी त्या उभ्याच.

मी डोळ्यांकडे बघून चालायचो. ती डावीकडे बघायची, मी डावीकडे जायचो आणि ती उजवीकडून लाटणं मारून निघून जायची.

"तोंडाकडे कशाला बघता? तोंड फसवतं."

"मग पायांकडे बघू?"

"पायही फसवतात. खांदे तर फारच फसवतात. बेंबीकडे बघा. बेंबी जाईल तिकडे माणूस जातो, तिला खोटं बोलता येत नाही."

मी विचारलं, मामा सोंगात असताना बेंबी दिसेल का? तर म्हणाली, "त्यासाठीच सांगते. तिथे दहा तोंडं असतील. एकाकडेही बघायचं नाही. दहाच्या दहा खोटारडी आहेत."

हे सांगताना ती हसत नव्हती. टोपल्याखालून तिचा आवाज वेगळाच यायचा, जरा कडक. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ती कामावर असताना कशी असते. घरी ती मीठ कुठे ठेवलंय हे मला विचारते.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी टोपल्यातल्या रावणाला अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न पडता घेऊन गेलो. तिने टोपलं काढलं, घाम पुसला आणि म्हणाली, "चालेल. संघात घेणार नाही, पण चालेल." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती शिबिराला गेली.

मी सोंगाच्या आदल्या दिवशीच सासुरवाडीला पोचलो. आमच्या सोंगाचा नंबर बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी ऊन पडल्यावर. हाताशी दुपार होती, म्हणून मी घरापासून मांडवापर्यंतची वाट चालून पाहिली. वाट एका ठिकाणी, पिठाच्या गिरणीपाशी, एकदम वळते. बाकी उतार बेताचा. मला एक उपाय सुचला. बायको कोर्टवर खेळते तिथे रेघा असतात, इथे का नसाव्यात? पाटीभर चुना आणला आणि वाटेच्या दोन्ही कडांना मांडवापर्यंत खुणा टाकल्या, वळणावर जरा ठळक. मामा दारात बसून बघत होते.

"हे कशाला?"

"वाट सुटू नये म्हणून."

"ब्येस," म्हणाले आणि पान लावायला लागले. खुणांमधली चूक त्यांना तेव्हाच दिसली असणार, हे मला नंतर कळलं.

सकाळी पूजा झाली. मामांनी अंगाला पट्टे बांधून घेतले, मुखवटा चढवला. सदुसष्ट वर्षांचा, उन्हात वाळलेला, माझ्या खांद्याएवढा माणूस दहा तोंडांचा झाला आणि मला वर मान करून बघावं लागलं. लगेच आठवलं, वर बघायचं नाही. सांबळ सुरू झालं. मी गुडघे वाकवले, हात पसरले, बेंबीवर नजर ठेवली आणि मागे निघालो.

दहा-बारा पावलांतच माझ्या खुणांची चूक मला उमगली. मी उलटा चालत होतो. मला वाट कळायला हवी ती पाठीमागची आणि चुन्याच्या खुणा दिसत होत्या त्या ओलांडून झालेल्या. ज्या वाटेवरून आलो तिचा पक्का हिशेब माझ्यासमोर होता, पुढे काय आहे ते माहीत नव्हतं. आकडेवारीच्या कामात हे नेहमीचंच आहे, पण तिथे समोरून तलवार येत नाही.

तरीही मी टिकलो. मामा गिरकी घ्यायचे, मी सरकायचो. ते गर्दीत घुसू बघायचे, मी आडवा. एकदा तलवार खांद्यावर बसली, तर बाजूने कुणीतरी ओरडलं, "जावय लंकेत आला रे!" बायकांमध्ये हशा पिकला. मी बेंबी सोडली नाही. मला वाटायला लागलं की हे काही फार अवघड नाही, बायको उगीच चौदा वर्षं पगार घेते.

मग गिरणी आली. तिथे गर्दी फारच दाट होती, इतर वाटेच्या दुप्पट तरी. पोरं गिरणीच्या पत्र्यावर चढली होती. एवढी माणसं इथेच का, असा विचार माझ्या मनात आला आणि तेवढ्यात रावणाची सगळी तोंडं एकदम डावीकडे कलली. दहाच्या दहा. मोठे पांढरे डोळे, सुळे, मिश्या, सगळं डावीकडे निघालं. मी वर बघितलं. मी डावीकडे गेलो.

मामा उजवीकडून गेले.

पत्रा दणाणला. लोकांनी असा ओरडा केला की सांबळ ऐकू येईना. मी वळून पाहतो तर दहा तोंडांची पाठमोरी बाजू, म्हणजे बांबूच्या कामट्या आणि सुतळ्या, मांडवाकडे निघाल्या होत्या. पुढे कुणी नव्हतं. सदुसष्ट वर्षांचं वय, डोक्यावर ते ओझं, आणि म्हातारा वाटेच्या बरोबर मधून नाचत चालला होता. मी मागून पळालो. पाठ रावणाने मला दाखवली होती, मी त्याला नव्हे, तेव्हा रीत मोडली असलीच तर ती त्याने मोडली. हे मी पुजाऱ्यांना नंतर समजावूनही सांगितलं. त्यांनी फक्त प्रसाद दिला.

मांडवात मुखवटा उतरवला. मामा घामाने निथळत होते आणि हसू त्यांना आवरत नव्हतं.

"मामा, लागलं असतं तर? तुम्हाला दिसत नाही आतून."

"खालचं दिसतं की. चुना झकास टाकला तुम्ही. दोनी बाजूनं पांढरा, मधी वाट. आंधळा पण जाईल."

"म्हणजे पुढे माणूस नसता तरी चाललं असतं?"

"यंदा चाललं असतं. पन मंग चुकवलं कोनाला असतं?"

हळूहळू माझ्या ध्यानात आलं. पोरगी दहा वर्षांची असल्यापासून मामा तिला गिरणीपाशी चुकवायला बघत होते. दरवर्षी, त्याच वळणावर. सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून तर गर्दी तिथे असायची. चोवीस बोहाडे झाले आणि एकदाही जमलं नव्हतं. मी इतकी वर्षं मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसायचो, जावई म्हणून, आणि मला वाटायचं की माझी बायको म्हाताऱ्या बापाला आधार देऊन आणते आहे.

शिबिरात सकाळचं सत्र संपल्यावर तिचा फोन आला. आवाज घाईचा होता.

"सोंग निघालं का?"

"निघालं. मांडवात पोचलं."

"पडलात?"

"नाही."

 "कुठे चुकवलं?"

"तुला कसं कळलं?"

"गिरणीपाशी ना? तोंडं डावीकडे टाकून उजवीकडून?"

"हो."

"तुम्ही वर बघितलंत." हे तिने विचारलं नाही, सांगितलं. तिच्या मागे चेंडू आपटल्याचे आवाज येत होते. मी तिच्या निवडीचं विचारलं, तर म्हणाली, "यादी संध्याकाळी लागेल. सकाळच्या सामन्यात मला एका बावीस वर्षांच्या पोरीसमोर उभं केलं होतं. गुण करणारी."

"किती केले तिने?"

"न झालेले मोजू का?"

मामांनी हात पुढे केला, म्हणून मी फोन त्यांना दिला. फोन कानापासून लांब धरून, पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलतात.

"पोरी, तुझा नवरा लय भला माणूस. कोनालाही जाऊ देतो." मग तिचं काहीतरी ऐकून घेतलं. "नाय नाय. पुढच्या साली तू धावत येऊ नको. तू खेळ तिकडं. हेच येतील." पुन्हा ऐकलं. "आगं, ऱ्हाऊ दे मान. मान कुठं जात नाय. आता जरा म्हातारपनी मला पन जिंकू दे की!"

 मामा फोनकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "बंद पडला वाटतं." बंद पडला नव्हता. मी कानाला लावला तर ती नाक ओढत होती आणि म्हणाली, "चला, जेवणाची शिट्टी झाली."

संध्याकाळी यादी लागली. त्यात ती होती. स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात तिच्या नावापुढे शून्य होतं आणि तिचा संघ जिंकला. कचेरीत चहाच्या वेळी विचारणा झाली. मी शून्य म्हणून सांगितलं आणि समोरच्या मुलीचाही आकडा सांगितला, तो चार होता. "मग?" असं कुणीतरी म्हणालं. मी त्याला उभं राहून दारापर्यंत जाऊन दाखवायला सांगितलं. तो सहज गेला. अजून माझा सराव कमी आहे.

स्पर्धा संपल्यावर ती पंधरा दिवसांसाठी घरी आली. त्याच सुमारास मामा डोळे तपासायला जव्हारला आले होते. जेवण झालं, मामांनी काठी घेतली आणि पान खायला बाहेर निघाले. ती ताटं उचलत होती. तिने ती खाली ठेवली आणि दारात जाऊन उभी राहिली.

मामा थांबले. काठी भिंतीला टेकवली. तोंड डावीकडे वळवलं, अगदी सावकाश, जसं काही डावीकडे काही महत्त्वाचं आहे. ती हलली नाही. मग खांदा टाकला, मग पाय. मग एकदम उजवीकडे निघाले आणि ती तिथे होती. पुन्हा डावीकडे, ती तिथे. मुलगी कट्ट्यावरून ओरडली, "आजोबा, दोन!" शेवटी मामांनी हात जोडले. "पोलिसीण बाई, पान खाऊ द्या."

ती हसून बाजूला झाली. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही या बरं दारात."

मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि दारात जाऊन उभा राहिलो.

"गुडघे," मागून ती म्हणाली. "आणि वर बघू नका."